ऋतुजाचा डबा

"कंटेनर म्हंजे? न्हावाशेव्याला जातोय तसला?" आमच्या मालकांनी, घाटगेदादांनी विचारलं.

"तसलाच की दादा, पर कम्प्युटरातला," ऋतुजा म्हणाली. "आत आपलं सॉफ्टवेअर, त्याला लागणाऱ्या बारक्यासारक्या सगळ्या गोष्टी, सेटिंग, सगळं एकदा भरून ठेवायचं. मग तो डबा कुठल्याबी मशीनवर न्या. उघडला की चालू."

"कुठल्याबी?"

"तुमच्या लॅपटॉपवरसुदीक."

दादांनी स्वतःच्या लॅपटॉपकडे पाहिलं. त्या लॅपटॉपवर आजवर क्रिकेटच्या स्कोअरपलीकडे फारसं काही उघडलं गेलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आमच्या ऑफिसात काही शक्य आहे की नाही हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची पद्धत होती.

"चालेल की," मी म्हटलं. "पण चालणं वेगळं आणि बरोबर चालणं वेगळं."

"झोंबली बघ मिरची सुनीतीच्या नाकाला!" दादा खदखदून हसले. ऋतुजाही हसली. मग मीही हसले, न हसून सांगते कुणाला?

पण झोंबली होती, हे खरं.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या गेटला लागून. काम असं: फाउंड्रीवाले येणार, नव्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, ड्रॉइंग आणणार. लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला की तो थंड होताना आक्रसतो, आणि जिथं सगळ्यात शेवटी थंड होतो तिथं आत पोकळी राहते. बाहेरून कास्टिंग गुळगुळीत, देखणं. पंप बसवला, पाण्याचा दाब आला, की फाटतं. ही पोकळी कुठं राहणार हे रस ओतण्याआधीच कम्प्युटरवर दाखवायचं, हा आमचा धंदा.

सॉफ्टवेअर फुकटातलं होतं, पण बसवणं म्हणजे एकत्र कुटुंबात जावांची समजूत घालण्यासारखं. एकीला नवं हवं, दुसरीला जुनंच हवं, तिसरीला या दोघी समोर नकोत. पहिल्या वर्षी अख्खा उन्हाळा खर्ची घालून मी ते एका मशीनवर उभं केलं. ते मशीन माझ्या टेबलाखाली असायचं. दादांनी मागून चांगले महागाचे कम्प्युटर आणले, पुण्याहून माणूस बोलावला, पण दुसऱ्या कशावर ते काही चाललं नाही. मग 'सुनीतीला विचारा' हे आमच्या ऑफिसातलं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य झालं. दिवसातून कितीही वेळा कानावर पडलं तरी मला त्याचा कंटाळा आला नाही.

आता पुण्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून झालं. पुण्याच्या एका पंपवाल्या कंपनीला स्वतःच्या कारखान्यात हेच काम सुरू करायचं होतं, आणि ते चालवायला आमचा माणूस हवा होता. तिथला विभाग, तिथली केबिन, हाताखाली दोन पोरं, दारावर नाव. दादा म्हणाले होते, "तुमच्यापैकी एकीला धाडायचं."

'तुमच्यापैकी' हा शब्द त्यांनी उगाच वापरला असं मी तेव्हा धरलं होतं. माझा नवरा, अभिनंदन, पुण्यातल्या एका बँकेत. लग्न झाल्यापासून आमचा संसार शनिवारच्या एसटीनं जायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत यायचा. तो म्हणायचा, "सोड ना ती नोकरी. पुण्यात काय नोकऱ्यांचा दुष्काळ पडलाय?" मी म्हणायची, "मी रिकाम्या हातानं येणार नाही." आणि ऑफिसात, शेजारी, माहेरी, सासरी, मी सगळीकडे एकच सांगायची: "काय करायचं हो, दोन गावांत दोन चुली. एकदा पुण्याचं झालं की सुटले." बायका चुकचुकायच्या. दादांच्या घरच्या वहिनी तर मला बघितलं की दादांना टोचायच्या, "पोरीला पाठवा की वो लवकर नवऱ्याकडं."

म्हणजे ती खुर्ची माझीच होती. फक्त कुणी तसं कागदावर लिहिलं नव्हतं.

आणि मग ऋतुजा सासने आली. कसबा बावड्याची पोरगी. आवाज एवढा मोठा की फोनवर बोलायला हिला फोन लागायचा कशाला, असं वाटावं. बोलणं अस्सल कोल्हापुरी, 'मी येतो, मी जातो, मी बघतो'. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, मशीनचा पासवर्ड द्या की. आत काय काय हाय जरा बघतो."

"मशीन नाजूक आहे गं," मी म्हटलं. "एक काही हललं तर सगळं बसेल."

"बरं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि निघून गेली. रागावली नाही, रुसली नाही, दादांकडे चुगली नाही. माणसानं निदान रुसावं तरी. तिनं सरळ इंटरनेटवरून ते सॉफ्टवेअर कोरं उतरवून घेतलं, आणि महिनाभर कानात वायरी घालून खपून तो डबा तयार केला.

दादांच्या लॅपटॉपवर तो चालला. मी पाठीमागं उभी राहून बघत होते. स्क्रीनवर साच्यात लाल रस चढायला लागला तसे दादा खुर्चीतून अर्धे उठले. "आयला! माझ्या लॅपटॉपात!" पुढचे पंधरा दिवस येईल त्या फाउंड्रीवाल्याला चहाच्या आधी डबा दाखवला जायचा. माझ्या मशीनजवळ आता कुणी येत नव्हतं. आलं तरी चार्जर लावायला.

आणि एक दिवस मी जेवून हात धुऊन येत होते तेव्हा दारातून ऐकलं. कुणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि दादा म्हणत होते, "मला काय इचारतोस? ऋतुजाला विचार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच पायरीवर मी जरा वेळ उभी राहिले. माझं वाक्य, माझं नाव काढून, तिला देऊन टाकलं होतं.

त्यानंतर मला तिचं काहीच बघवेना. तिचा केसांचा चाप बघवेना, तिचं गाडी लावताना शीळ घालणं ऐकवेना. जेवताना ती स्वतःच्या डब्यातला झुणका निम्मा माझ्या ताटात वाढायची, "घ्या वो ताई, आईनं तुमच्यासाठी जास्तीचा दिलाय." तो झुणका इतका फर्मास असायचा की तो आवडतो याचाही मला संताप यायचा.

अभिनंदनला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे वा! हुशार आहे की पोरगी."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"बाजू कसली गं? चांगली गोष्ट आहे ना. काम हलकं होईल तुझं."

"मला काम हलकं नकोय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नवरे लोकांना कधी, काय म्हणायचं नसतं ते कळायला वेगळा जन्म घ्यावा लागत असावा.

पुण्याच्या कंपनीचे देवधर म्हणून साहेब होते, ठरवणारे तेच. त्यांनी एका नव्या पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, ड्रॉइंग पाठवलं आणि सांगितलं, "तुमची सिस्टीम आमच्याकडे चालवून दाखवा, मग पुढचं बोलू." ऋतुजानं डबा पाठवला. पुण्यात त्यांच्या मशीनवर उघडला, चालला. इकडे दादांच्या लॅपटॉपवर चालला, तिच्या स्वतःच्या कम्प्युटरवर चालला. तिन्हीकडे उत्तर एकच. तिन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर जुळ्या-तिळ्या बहिणी: पोकळी येणार ती वरच्या बाजूला, जो भाग नंतर कापूनच टाकायचा असतो तिथं. कास्टिंग निर्धोक.

कुणी न सांगता मी तेच ड्रॉइंग माझ्या मशीनवर लावलं. माझ्या मशीननं पोकळी दाखवली फ्लँजच्या खाली. म्हणजे जिथं पाईप बोल्टनं आवळला जातो, नेमकं तिथं.

मी ते चित्र दादांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

थोड्या वेळानं ऋतुजा आली, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "ताई, तुमचं वेगळं येतंय. काय घातलंय तुमी आत?"

"तुझ्या डब्याला विचार."

"डब्याला ठावं असतं तर तुमाला कशाला विचारलो असतो?"

"तीन ठिकाणी एकच उत्तर येतंय ना? मग मी एकटीच चुकत असेन."

ती माझ्याकडे बघत बसली. "न्हाई वो," हळूच म्हणाली, "तुमी चुकत नसणार. म्हणून तर विचारायला आलो."

मी माउस हलवत राहिले. मला ठाऊक होतं की फरक कशात आहे. सॉफ्टवेअरमध्ये वाळूचे जे आकडे आयते येतात, ते कुठल्यातरी परदेशातल्या वाळूचे. साच्याची वाळू रसातली उष्णता किती भराभर ओढून घेते, त्यावर सगळा खेळ असतो. आमच्याकडची वाळू पुन्हा पुन्हा वापरलेली, चिकट मातीची, ओलाव्याचा काही भरवसा नसलेली. मी वर्षानुवर्षं फाउंड्र्यांत जाऊन, कापलेली कास्टिंगं बघून, माझ्या चित्राशी ताडून, एकेक आकडा सुधारत नेला होता. कुणी मला त्याबद्दल विचारलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर हवं असायचं. आता आयत्या बिळावर नागोबा येऊन विचारत होता, तर मी का सांगावं?

संध्याकाळी दादांनी देवधरांना स्पीकरवर घेतलं.

"घाटगे," देवधरांचा आवाज आला, "सरळ गोष्ट आहे. तीन मशीन्स एक सांगताहेत, आणि तुमचं एक जुनं मशीन दुसरंच सांगतंय. ते जुनं बंद करून टाका."

जुनं मशीन. मला वाटलं, हे मलाच म्हणाले.

"साहेब," मी पुढे वाकून म्हटलं, "एकाच पुस्तकावरून तीन पोरांनी उत्तर लिहिलं तर तिघांचं सारखंच येणार. त्यात पुस्तक चुकलं असेल तर? हातच्या कांकणाला आरसा कशाला? कास्टिंग ओता आणि कापा."

"ओता," देवधर म्हणाले. "मी येतो बघायला."

शेजारच्याच फाउंड्रीत ते ओतलं. निवल्यावर आदळून वाळू काढली, आणि देवधर आले त्या दिवशी सकाळी करवतीच्या मशीनवर चढवलं. चकचकीत, कुठं खळगा नाही. देवधर नाकाला रुमाल लावून उभे. दादा हात पाठीमागं बांधून येरझाऱ्या घालत होते. त्यांचं पुण्याचं काम यावर होतं. माझं काय काय यावर होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ऋतुजा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. करवतीच्या आवाजात ओरडून म्हणाली, "ताई, मला वाटतंय तुमचंच बरोबर निघंल!"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. मनात म्हटलं, आत्ताच सारवून घेतेय बया.

करवतीचा पट्टा फिरत होता, त्याला थंड ठेवणारं पांढरं पाणी पडत होतं. मग एकदम आवाज बदलला, आणि केसिंगचे दोन भाग बाजूला झाले. फ्लँजच्या खाली पोकळी होती. खडबडीत, काळपट, माझी करंगळी आत जाईल एवढी.

मी ती घातलीसुद्धा. सगळ्यांच्या देखत वाकून मी त्या भोकात बोट घातलं आणि आतून फिरवलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"मॅडम," देवधर रुमाल खिशात घालत म्हणाले, "मानलं तुम्हाला."

दादांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी कलंडलेच. "अरे सगळ्यांस्नी मिसळ मागवा रे! कट वाढीव सांगा!" मी मात्र एकच चेहरा शोधत होते. ऋतुजाचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं. तेवढं झालं असतं की माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं असतं. आणि ती काय करत होती? फोनची बॅटरी लावून, जमिनीवर उकिडवी बसून, त्या पोकळीत डोकावत होती. मान वर करून म्हणाली, "काय झ्याक आलंय वो ताई! अगदी चितरात हुतं तिथंच!"

तेवढंही सुख दिलं नाही मेलीनं.

दुसऱ्या दिवशी दादांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मी नवी साडी नेसून गेले होते. का, ते विचारू नका.

"देवधरांचा होकार आला," दादा म्हणाले. "आता पुण्याचं ठरवून टाकू." त्यांनी पेपरवेट फिरवला. "ऋतुजाला पाठवायचं म्हणतोय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"दादा, काल कास्टिंग कुणाचं बरोबर आलं?"

"तुझं."

"मग?"

"म्हणून तर," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचंबणा होती, पण खोटेपणा नव्हता. "काल बघितलं न्हवं? तू नसतीस तर आमी चुकीचं कास्टिंग पुण्याला पाठवून मोकळं झालो असतो. हिथलं सगळं त्या तुझ्या मशीनवर, आन् त्या मशीनला तुझ्याबिगार कुणाचा हात लागत न्हाई. तू गेलीस तर मी हिथं काय करू? कुलूप लावू? हिचं तसं न्हाई. हिचा डबा कुणीबी चालवतंय. ही गेली तरी हिच्यावाचून अडत न्हाई."

ऐकलंत? जिच्यावाचून अडत नाही तिला पुढची खुर्ची, आणि जिच्यावाचून अडतं तिला तिथंच खुंटीला बांधून ठेवायचं. आदल्या दिवशी मी जिंकले नसते तर कदाचित गेले असते. माझ्याच हातानं मी तो दोर वळला होता, आणि वर कास्टिंगच्या पोकळीत बोटही घालून बघितलं होतं.

मी काही बोलण्याआधी ऋतुजा म्हणाली, "दादा, मी न्हाई जाणार पुण्याला."

"का गं?"

"अक्षय्य तृतीयेला लगीन हाय माझं. विश्वजितचं लेथचं दुकान उद्यमनगरात. त्यो काय लेथ उचलून पुण्याला येणार हाय? मला न्हाई जमणार ते शनिवार-रविवारचं." मग माझ्याकडे बघून जीभ चावली. "तुमाला न्हाई वो म्हणत, ताई."

"अगं पर केबिन हाय, पगार वाढतोय..."

"दादा, मी त्यो डबा केलो कशाला?" ती म्हणाली. "मला कुठं जायला लागू नये म्हणूनच की. डबा जातोय न्हवं? मग मी कशाला जाऊ?"

माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्या खुर्चीपायी मी इतके महिने आतल्या आत जळत होते, ती हिला नकोच होती. तिनं त्या खुर्चीकडे एकदा वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण तेव्हा विचार करत बसायला वेळ नव्हता. वाट उघडली होती. अडसर फक्त एक, माझं मशीन.

"दादा," मी म्हटलं, "माझ्या मशीनमधलं सगळं मी डब्यात घालून देते. वाळूचे आकडे, केलेल्या सुधारणा, सगळं. मग इथं माझ्यावाचून काही अडणार नाही. मग तर पाठवाल मला?"

दादांनी मान हलवली. "मग काय प्रश्नच न्हाई."

आणि तिथल्या तिथं, त्यांच्या समोर, मी ऋतुजाला पासवर्ड सांगितला. तिचे डोळे असे चमकले की जणू मी तिला सोन्याची पाटली काढून दिली.

मग आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं. ती विचारायची, मी सांगायची. हा आकडा का वाढवलात, तो का कमी केलात, उन्हाळ्यात वाळू सुकते तेव्हा काय करता. प्रश्न असे अचूक की टाळता येऊ नयेत. एका दुपारी मला आठवतं, माझ्या आधी ती म्हणाली, "थांबा, मग जाड फ्लँजला हे जास्त लागणार, व्हय की न्हाई?" बरोबर होतं. मला ते कळायला तीन कास्टिंगं कापावी लागली होती. मी "हो" म्हटलं आणि उठून पाणी प्यायला गेले. आपल्याला जे घाम गाळून मिळालं ते समोरच्याला बसल्या जागी समजताना बघणं, यासारखी शिक्षा नाही.

डबा नव्यानं बांधला. शिरोलीत चालवला, पोकळी फ्लँजखाली. पुण्याला पाठवला. देवधरांनी स्वतः उघडला, स्वतः चालवला, आणि त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही दादांच्या केबिनमध्ये होतो.

"उत्तम!" देवधर म्हणाले. "अगदी कापून बघितलं तसंच. घाटगे, मी एक विचार करतोय. हे जर इथं आपसूक बरोबर चालतंय, तर तुमचा माणूस इथं बसवून मी काय करू? केबिन, पगार, पोरं... आमच्याकडचा एखादा पोरगा बटण दाबेल, तुम्ही तिकडूनच बघा. काम मात्र दुप्पट देतो."

"चालंल की साहेब! लई बेस!" दादा म्हणाले.

फोन बंद झाला. पुण्याची खुर्ची गेली होती. घालवणारी मीच. ज्या आकड्यांवाचून डबा अडत होता ते मी माझ्या हातानं त्यात भरले होते, आणि डबा पुरा झाला तसं तिथं माणसाचं कामच उरलं नाही.

मी दारातून बाहेर पडणार तोच दादांनी हाक मारली. "सुनीती, थांब. तोंड का पाडतीस? तुझीबी अडचण मिटली की."

"ती कशी?"

"ऋतुजानंच सुचवलं. डबा कुठंबी चालतोय तर तू हिथं कशाला बसायला पाहिजेस? जा पुण्याला नवऱ्याकडं. घरात बसून काम कर. पगार हाय त्योच. हिथलं आन् पुण्याचं सगळं मिळून ऋतुजा बघंल, तिला हेड करतोय." ते मनापासून खूश होते. "तीन वर्सं म्हणत हुतीस न्हवं, दोन गावात दोन चुली?"

मी म्हणत होते. सगळ्या गावाला सांगत होते. आता काय म्हणायचं? मला नवरा नको, खुर्ची हवी?

"आभारी आहे, दादा," मी म्हटलं.

निरोपाला वहिनींनी माझी ओटी भरली. "सुटलीस बाई एकदाची," म्हणाल्या, आणि पदरानं डोळे टिपले. ऋतुजा बसस्टँडपर्यंत आली. कांदा-लसूण मसाल्याची बरणी माझ्या पिशवीत कोंबली, गळ्यात पडून भोकाड पसरलं. "ताई, तुमी न्हाई म्हंजे ऑफिस खायला उठंल वो." तिचं रडणं खरं होतं. मला त्याचाही राग आला. आज एवढी वर्षं तिच्या हाताखाली काम केलंय, त्यात तिच्यात एक वाईट गोष्ट सापडावी म्हणून मी जंग जंग पछाडलंय. नाही सापडली.

अभिनंदन रजा टाकून स्वारगेटला आला होता. दोन खोल्यांच्या आमच्या घरात त्यानं खिडकीपाशी माझ्यासाठी नवं टेबल लावलं होतं. त्यावर माझा लॅपटॉप ठेवायला जागा, पाण्याची बाटली, मोगऱ्याच्या चार कळ्या. "आजपासून हे तुझं ऑफिस," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की बघवेना.

मी बसले. लॅपटॉप उघडला. ऋतुजाचा निरोप आलेला होता: "ताई, पोचला का? दमला असाल तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर हे एवढं ड्रॉइंग आज लावून द्या."

मी ते ड्रॉइंग डब्यात घातलं. साच्यात लाल रस चढायला लागला, माझ्या आकड्यांनी, तिच्या डब्यात. आणि तिथं, नवऱ्याच्या घरात, त्या मोगऱ्यासमोर बसून मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं, की मला पुण्याला यायचंच नव्हतं. मला तिच्यापुढं जायचं होतं. पुणं हे नुसतं त्या जागेचं नाव होतं.

मी रडायला लागले. थांबवून थांबेना. अभिनंदन धावत आला, खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचेही डोळे भरून आले. त्यानं फोन काढला आणि गावाकडे आईला लावला.

"आई, पोचली गं सुनीती," तो म्हणाला. "अगं, इतकी खूश आहे, इतकी खूश आहे, रडायची थांबतच नाही."